ताईच्या मापाची किटली

माणसाने किटली अंगात घालू नये असा कुठे नियम नाही, पण तशी वेळ आपल्यावर येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. पाणीपुरवठा खात्याच्या मीटर तक्रार विभागात मी जन्म काढला आहे. माझ्या खिडकीसमोर रोज माणसं येतात आणि सांगतात की आमचं मीटर बिघडलंय, ते पळतंय. मी मीटर तपासायला लावतो, अहवाल वाचतो आणि सांगतो, "मीटर बरोबर आहे. वापर तुमचाच आहे." हे वाक्य मी झोपेतही बोलतो असं बायकोचं म्हणणं आहे. अशा माणसाचा आणि किटलीचा संबंध येण्याचं काही कारण नव्हतं. तो आला लेकीमुळे.

लेक डिझाइनच्या कोर्सला आहे. तिथे काय शिकवतात हे मला अजून नीट कळलेलं नाही, आणि मी विचारलं की ती इतक्या प्रेमाने समजावून सांगते की मला विचारायचीच भीती वाटते. तर तिच्या मॅडमनी वर्गाला काम दिलं होतं: अंगावर घालता येईल अशी एक गमतीची कलाकृती करा. अट एकच. ती एका खऱ्या माणसाच्या मापाने करायची आणि त्या माणसाने ती घालून सगळ्यांसमोर चालून दाखवायचं. "मापात बसली तर पोशाख, नाहीतर नुसतं खोकं," असं मॅडम म्हणाल्या होत्या. निम्मे मार्क फिटिंगला होते.

लेक कितीतरी दिवस वहीत काही ना काही काढत होती आणि खोडत होती. मग एकदा सकाळी ताई खिडकीशी उभी राहून मला रागावत होती. एक हात कमरेवर, दुसरा हात लांब करून खालच्या गाडीकडे दाखवत, "बघ, पुन्हा कुणीतरी आपल्या दारात गाडी लावलीय आणि तू पेपर वाचतोयस." लेकीने मान वर केली, बघत राहिली आणि म्हणाली, "आत्या, हलू नकोस. तू किटली आहेस."

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होती, लग्न केलं नाही, आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं आणि पुढे माझ्याच घरी राहून माझ्या बायकोला माझ्यापासून वाचवलं, असं ती स्वतः सांगायची. अंगाने भरपूर. हे मी तिच्या तोंडावरही म्हणत असे, कारण तिला त्याचा अभिमान होता. "घरात एकाने तरी दिसायला हवं," असं म्हणून ती दुसऱ्यांदा वाढून घ्यायची. मी पहिल्यापासून काडी. लहानपणी आई ताईचे जुने कपडे मला घालायची: तिचे स्वेटर, तिचे कोट, एकदा तर फुलाफुलांचा तिचा रेनकोट. त्यातलं काहीही मला कधी मापात बसलं नाही. बाह्या दुमडायच्या, गळे खांद्यावरून घसरायचे. "वाढत्या अंगाला होईल," असं आई म्हणायची. अंग वाढलं नाही. ते फुलाफुलांचं प्रकरण मात्र वर्गातली मुलं बरीच वर्षं विसरली नाहीत.

लेकीला वाटलं आत्या रागावेल. ताईने आरशात स्वतःला कमरेवर हात ठेवून नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "कान झाला. तोटी झाली. पोट माझं तयारच आहे. झाकणाचं काय करणार आहेस?"

झाकणाची टोपी होणार होती. त्या टोपीला वर एक गोंडस मूठ हवी होती, आणि अख्ख्या बाजारात लेकीला जी मूठ पसंत पडली ती माझ्या टेबलाच्या खणाची होती. मी ऑफिसातून आलो तेव्हा मुठीच्या जागी नुसतं भोक होतं. त्या खणात माझा चष्मा होता. तो मी चमच्याच्या दांड्याने खण उचकटून काढला. घरात कुणालाही त्याचं काही वाटलं नाही.

किटलीचा सांगाडा वेताच्या कड्यांचा करायचा ठरलं. वेत आणायला मला पाठवलं. येताना कंडक्टरने मला वेतासकट बसमधून उतरवलं, कारण त्याच्या मते मी एका तिकिटात तीन माणसांची जागा अडवत होतो. मी म्हटलं, मी सरकारी नोकर आहे. तो म्हणाला, मग चालत जायला काय झालं. वेताचा भारा खांद्यावर टाकून भर रस्त्यातून मी चालत आलो आणि ओळखीची म्हणून जेवढी माणसं मला या शहरात आहेत तेवढी सगळी त्या संध्याकाळी रस्त्यावर निघाली होती.

वेत भिजवल्याशिवाय वाकत नाही, आणि घरात एवढं लांब भिजवायला एकच जागा, न्हाणीघर. त्यामुळे वेत आत आणि मी टॉवेल घेऊन जिन्यात. वरच्या मजल्यावर एक निवृत्त ड्राफ्ट्समन राहतात. त्यांनी मला आपल्या घरी आंघोळ करू दिली, पण मोबदल्यात सल्ले ऐकावे लागले. कडीचा व्यास काय, जोड कुठे, भार कुठे येणार. टॉवेल गुंडाळलेल्या माणसाला भार कुठे येणार हे सांगता येत नाही. नंतर ते खाली येऊन स्वतः एक कडी वाकवायला लागले, ती हातातून सुटली आणि माझ्या चष्म्याचा एक डोळा गेला. ते म्हणाले, "वेत फार उत्तम आहे."

पण किटली झाली सुंदर. हे मी बाप म्हणून सांगत नाही. वेताच्या कड्यांवर निळं कापड, त्यावर इनॅमलच्या भांड्यावर असतात तसे पांढरे ठिपके, उजव्या हाताला कापडाची ताठ तोटी. तोटीतून एक रबराची नळी, आणि आत मुठीत धरायचा फुगा. तो दाबला की खरोखर पाणी पडायचं. कमरेला एक पट्टा होता आणि किटलीचा सगळा भार त्यावर. खांद्यावर काही अडकवायचं नाही, कारण मॅडमच्या मते किटलीला खांदे नसतात. म्हणजे पट्टा मापात असला तर किटली उभी राहणार, नाहीतर खाली येणार.

पहिल्या फिटिंगला ताई किटली घालून दिवाणखान्यात आली तेव्हा आम्ही खुर्च्या मागे सारल्या. एवढी बाई, पण चालत होती अगदी डौलात. ड्राफ्ट्समन चहाला आले होते. ताईने त्यांच्यासमोर कमरेवर हात ठेवला, तोटी वाकवली आणि त्यांच्या कपात पाणी ओतलं. "जन्मभर लोकांना लाइन जोडून दिली," ती म्हणाली, "आता ओतायचं काम घेतलंय." लेकीने पट्ट्यात बोट घालून पाहिलं. बोट जाईना. बरोब्बर.

पुढचं फिटिंग मॅडमना दाखवायच्या आधी झालं. मधे बरेच दिवस गेले होते, तोटीला रंग वगैरे देण्यात. ताईने किटली घातली, दोन पावलं टाकली आणि किटली सरळ तिच्या पायांत जाऊन बसली. आम्ही हसलो. सगळ्यांत जास्त ताई हसली. "ओतून झाली वाटतं," असं म्हणाली आणि खुर्चीवर बसून हसता हसता धापा टाकत राहिली.

लेकीने टेप लावून पाहिली तर कंबर चार बोटं कमी. तिला वाटलं आपणच आधी चुकलो. स्वयंपाकघरात गेल्यावर बायको मला म्हणाली, "ताईंना कुणा डॉक्टरला दाखवून आणू या का?"

"कशाला?"

"हल्ली दुसऱ्यांदा वाढून घेत नाहीत. पहिलंही पुरं खात नाहीत."

मी म्हटलं, "उन्हाळा आहे." बायको माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं." तिचं हे बरं मी ओळखतो. त्यात बरं असं काही नसतं.

खरं सांगायचं तर माझ्याही मनात तीच शंका आली होती. पण तेवढ्यात ड्राफ्ट्समन धावून आले, आणि बुडत्या माणसाने धरावं तसं मी त्यांना धरलं. त्यांनी टेप हातात घेतली, उजेडात धरली, दोन्हीकडून ओढली आणि म्हणाले, "कापडी टेपेवर विश्वास ठेवता तुम्ही? वापरून वापरून ताणली जाते ही. टेप लांब झाली की माप कमी दाखवते. बाईंना काही झालेलं नाही, टेपेला झालंय."

इतकं सुंदर बोलणं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मी त्यांना म्हटलं, आणखी चहा घ्या. उपाय काय, तर टेप गरम पाण्यात घालून सावलीत वाळवायची, म्हणजे मूळ जागेवर येते. मी स्वतः पातेल्यात पाणी उकळलं आणि टेप आत सोडली. बायको आली, पातेल्यात वाकून पाहिलं, गॅस बंद केला आणि निघून गेली.

वाळलेल्या टेपेने लेकीने पुन्हा माप घेतलं. आणखी कमी आलं.

त्या दिवशी कुणी हसलं नाही. ताई म्हणाली, "पट्टा आत घे गं, त्यात काय एवढं." लेक खाली मान घालून पट्टा उसवायला लागली. मी टेप गुंडाळून खिशात घातली आणि जाहीर केलं की आता याचा सोक्षमोक्ष लावतो. वजनमापे कार्यालयात जाऊन टेप तपासून आणतो. मग बघू कोण काय म्हणतंय ते. तसं कुणीच काही म्हणत नव्हतं.

वजनमापे कार्यालयाची खिडकी माझ्या खिडकीसारखीच आहे. तसंच खरवडलेलं लाकूड, काचेला तसंच अर्धवर्तुळ, आणि वाकून बोलावं लागेल इतकं ते खाली. त्या बाजूने मी पहिल्यांदाच वाकलो. आतल्या साहेबांनी विचारलं, "दुकान कुठलं?"

"दुकान नाही."

"मग टेप कशाला?"

"किटली करायला."

"किटल्या विकता?"

"विकत नाही. माझ्या बहिणीला घालायचीय."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मी समजावून सांगायला लागलो तसतसं ते अधिकच गंभीर होत गेले. शेवटी म्हणाले, "आम्ही व्यापारातली मापं तपासतो. घरगुती टेप आमच्या दृष्टीने नाहीच."

मी म्हटलं, "ही बघा, हातात आहे."

"असेल. पण आमच्याकडे नाही."

मी या प्रकारचं बोलणं जन्मभर केलेलं असल्यामुळे त्याला उत्तर नसतं हे मला माहीत होतं. शेवटचा उपाय म्हणून मी माझं ओळखपत्र अर्धवर्तुळातून आत सरकवलं. साहेबांचा चेहरा एकदम बदलला. "अरे, तुम्ही मीटरवाले? आमचं मीटर हो. गेल्या वर्षापासून नुसतं पळतंय. माणसं दोन, पाणी जातंय दहांचं."

माझ्या ओठांवर ते वाक्य आलं होतं. सवयच ती. मी ते गिळलं आणि म्हणालो, "बघतो मी. बिघडलेलं असू शकतं." नोकरीत पहिल्यांदा मी असं बोललो.

मग त्यांनी मला आत घेतलं. लांब टेबलावर लोखंडाची पट्टी ठोकलेली होती. तिच्याशेजारी त्यांनी टेप अंथरली, एक टोक दाबून धरलं आणि चष्मा पुसला. चांगला माणूस होता, काम मन लावून करत होता.

"तुमचं म्हणणं, टेप ताणलीय, म्हणून माप कमी दाखवतेय?"

"हो."

"ताणलेली नाही. उलट आखडलीय. गरम पाण्यात घातली होती का कुणी?"

मी हो म्हटलं.

"वाटलंच. आखडलेली टेप माप जास्त दाखवते, कमी नाही. म्हणजे तुमच्या बहिणीचं माप जे आलंय ना, खरं माप त्याच्याहून कमीच असणार." एवढं बोलून ते टेप गुंडाळायला लागले.

मी म्हटलं, "पुन्हा एकदा बघता का?"

त्यांनी पुन्हा पाहिलं. सभ्यपणे पाहिलं, मला बरं वाटावं म्हणून. आणि म्हणाले, "साहेब, टेपेत काही नाही. ज्यांना मोजलंय त्याच बारीक झाल्या असतील."

माझ्या खिडकीशी माणसं येतात ना, त्यांना मी माझं वाक्य सांगितल्यावर ती लगेच जात नाहीत. कागदाकडे बघत उभी राहतात. मला त्याचा फार राग यायचा. सांगून झालं, आता का उभी आहेत, असं वाटायचं. टेप घेऊन बाहेर आलो आणि त्यांच्या खिडकीशी मी तसाच उभा राहिलो. मागच्या माणसाने खांद्याला हात लावून विचारलं, "झालं ना तुमचं?" तेव्हा मी बाजूला झालो.

घरी आलो तर ताई खुर्चीवर बसून झाकणाच्या मुठीला पॉलिश करत होती. "काय म्हणाले?"

"टेप आखडलीय म्हणाले," मी सांगितलं. खोटं काही बोललो नाही.

ताईने क्षणभर विचार केला. मला बेरीज-वजाबाकी तिनेच शिकवली होती, हे मी विसरलो होतो. "म्हणजे मी वाटते त्याहूनही बारीक," ती म्हणाली.

तिने कपड्याचा कमरेचा भाग बाजूला करून दाखवला. आत एकापुढे एक पिना लावलेल्या होत्या. रोज सकाळी एकेक करून ती स्वतःला आत घेत होती, आणि आम्हाला पत्ता नव्हता. मला नव्हता. बायकोला असावा.

"सांगायचं नाही का?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

"तू मीटरवाला. तुला सांगून काय उपयोग, तू म्हणाला असतास सगळं बरोबर आहे." मग जरा थांबून म्हणाली, "ओरडू नकोस. उद्या जाऊ डॉक्टरकडे. आज आधी तिला पट्टा आत घेऊ दे."

डॉक्टरांनी जे सांगितलं ते इथे पुन्हा सांगत बसत नाही. उशीर झाला होता, एवढाच त्याचा अर्थ. तपासण्या झाल्या, आणखी तपासण्या झाल्या, आणि ताईला हॉस्पिटलात ठेवलं. लेक म्हणाली, मी हे किटलीचं सोडून देते, दुसरं काहीतरी करते. ताईने तिला पलंगाजवळ बोलावलं. "मी एकही कॉल अर्धा सोडला नाही कधी. समोरचा फोन ठेवेपर्यंत कानाला असायचे. तू किटली अर्धी सोडणार?" लेक रडायला लागली तर ताई म्हणाली, "रडून झालं की टेप काढ. नवी आणलीस ना? तुझ्या बापाने उकडलेली नको." उशीला टेकून बसलेल्या ताईचं माप लेकीने नव्या टेपेने घेतलं आणि घरी येऊन पट्टा पुन्हा आत घेतला. कड्या कापल्या, जोडल्या. निळ्या कापडाला इतक्या चुण्या पडल्या की ड्राफ्ट्समनसुद्धा गप्प बसले.

प्रदर्शनाच्या दिवशी ताई उठू शकणार नाही हे उघड होतं. ती मात्र आदल्या दिवसापर्यंत म्हणत होती, चार पावलं तर टाकायची आहेत. मॅडम म्हणाल्या, दुसऱ्या कुणी घातली तर चालेल, पण मार्क त्या माणसाच्या अंगावर कशी बसते त्यालाच. लेकीच्या मैत्रिणींनी घालून पाहिली. कुणाला घट्ट, कुणाला उंच. शेवटी लेक माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

मी सांगितलं, मी खात्यात वरिष्ठ लिपिक आहे. बायको म्हणाली, "हात वर करा."

मी हात वर केले. दोघींनी किटली वरून घातली. पट्टा कमरेवर बसला, कड्या जागच्या जागी राहिल्या, तोटीत हात सरळ गेला. लेकीने सवयीने पट्ट्यात बोट घालून पाहिलं. बोट जाईना. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग तिला माझ्या मागे जाऊन हुक लावायचं सुचलं. मी आयुष्यभर काडी, आणि ताईसाठी आत घेत घेत आणलेली किटली मला जशीच्या तशी बसली होती. काहीही करावं लागलं नाही. काहीतरी करावं लागलं असतं तर किती बरं झालं असतं.

इतक्या वेळा उसवलेल्या कापडात हुक टिकेनात, म्हणून लेकीने मला पाठीकडून सरळ शिवून टाकलं. प्रदर्शनात मी चाललो. माझ्या पुढे एक मुलगी ढग होऊन चालत होती आणि मागे एक घड्याळ होतं. शेवटी फुगा दाबायचा होता, तो मी घाबरून आधीच दाबला आणि मॅडमच्या बुटांवर पाणी सांडलं. मॅडमनी बूट झटकले, पट्टा तपासला आणि म्हणाल्या, "फिटिंग अप्रतिम. तुमच्याच मापाने केलीय वाटतं."

मी म्हटलं, "नाही. माझ्या बहिणीच्या."

हे सगळं लांबलं. हॉस्पिटलातली भेटायची वेळ संपत आली होती आणि शिवण उसवत बसायला सवड नव्हती. किटली रिक्षात मावत नाही. कॉलेजचं सामान वाहणारा एक उघडा टेम्पो होता, त्यात मी मागे उभा राहिलो. सिग्नलला एक स्कूटरवाला शेजारी येऊन थांबला, टक लावून बघत राहिला आणि म्हणाला, "तुम्ही मीटरच्या खिडकीवर बसता ना?"

"हो."

"आमच्या मीटरचं काय झालं?"

"पुन्हा तपासू," मी म्हटलं. सिग्नल सुटला.

हॉस्पिटलच्या दारात वॉचमनने अडवलं. बाहेरचं सामान आत न्यायचं नाही, असा तिथे नियम होता. मी म्हटलं, हे सामान नाही, कपडे आहेत. तो म्हणाला, मग काढा. लेकीने पाठ दाखवली, शिवलेली. त्याने माझ्याभोवती एक फेरी मारून बघितलं आणि विचारलं, "कोण आहे आत?" मी म्हटलं, ताई. त्याने दार उघडलं. लिफ्टमध्ये मी मावलो नाही. जिना चढलो. वाटेत ज्यांच्या ज्यांच्या दारावरून गेलो ते पेशंट उठून बसत होते, आणि मला त्या दिवशी कशाचीही लाज वाटत नव्हती.

ताई डोळे मिटून पडली होती. बायको शेजारी होती, ती उठून बाजूला झाली. ताईने डोळे उघडले. आधी तिला काही कळलं नसावं. मग तिने वरून खाली, सावकाश, सगळी किटली पाहिली आणि म्हणाली, "कान कुठाय?"

मी कमरेवर हात ठेवला.

"झाकण वाकडं आहे," ती म्हणाली. लेकीने झाकण सरळ केलं. "आता ओत." टेबलावरचा ग्लास बायकोने तिच्या हातात दिला आणि खालून धरून ठेवला. तोटीत थोडं पाणी उरलं होतं. मी फुगा दाबला. निम्मं चादरीवर गेलं, निम्मं ग्लासात. तिने एक घोट घेतला, तेवढाच तिला घेता येत होता. "साखर विसरलास," म्हणाली.

मग तिने हात पुढे केला आणि माझ्या कमरेच्या पट्ट्यात बोट घालून पाहिलं, लेक पाहायची तसंच. बोट आत गेलं नाही. तिला कळणार नाही असं वाटण्याची मूर्खपणाची सवय मला अजून सुटली नव्हती.

"बघ," ताई म्हणाली, "माझं एक तरी तुला मापात बसलं."

माझा एक हात तोटीत होता आणि दुसरा कमरेवर, त्यामुळे डोळे पुसायला हात नव्हता. किटलीला खाली बसता येत नाही आणि वाकताही येत नाही. भेटायची वेळ संपली तरी मला कुणी जा म्हटलं नाही. ताईला झोप लागेपर्यंत मी तसाच कमरेवर हात ठेवून तिच्याजवळ उभा राहिलो.

ताई त्यानंतर फार दिवस राहिली नाही. लेकीला मार्क चांगले पडले. किटली आमच्या दिवाणखान्यात ताईच्या खुर्चीवर आहे, आणि तिथे दुसरं कुणी बसत नाही. ड्राफ्ट्समन येतात, चहा घेतात, कुठल्याही मापाबद्दल काही बोलत नाहीत. बायको मधे म्हणाली, झाकणाची ती मूठ काढून पुन्हा खणाला लावून देते, रोज किती तो त्रास. मी म्हटलं, असू दे. चष्मा हवा असला की खण मी चमच्यानेच उघडतो.